डिफरन्शियलची तेलगळती (अवजड ट्रकमधील)

अवजड ट्रकच्या मागील ॲक्सलच्या हाउसिंगमधून गिअर ऑइल बाहेर झिरपण्याचा दोष आणि त्याची दुरुस्ती. डिफरन्शियल, म्हणजे वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी, या हाउसिंगमध्ये बसणारी रचना. या रचनेचे वाहनासाठीचे पेटंट ओनेसिफोर पेकर या फ्रेंच यंत्रज्ञाने 1828 मध्ये घेतले. प्राचीन चिनी दक्षिणदर्शी रथातही ती होती, हे मत मुख्यतः अनुमानावर उभे आहे.

गळतीच्या नेहमीच्या जागा पाच : टेल पिनियनचे (डिफरन्शियलला फिरवणाऱ्या लहान गिअरचे) सील, कॅरिअर (डिफरन्शियलचे गिअर धरणारा सांगाडा) व हाउसिंग यांचा जोड, ॲक्सल शाफ्टच्या फ्लँजचे पॅकिंग, हबमधील (चाकाच्या मध्यभागातील) सील, आणि भरण्याचा व काढण्याचा प्लग. चालत्या गाडीत वाऱ्याने तेल मागे फेकले जाते, त्यामुळे सर्वांत ओला भाग हाच उगम असतो असे नाही. हाउसिंग धुऊन, कोरडे करून गाडी थोडी चालवावी आणि सर्वांत वरचा व पुढचा ओला ठिपका शोधावा. सील काढण्यापूर्वी ब्रीदर (हाउसिंगमधील हवा बाहेर सोडणारे छिद्र) तपासावा. तो चिखलाने बुजला असेल तर तापलेल्या हवेचा दाब सीलच्या लिपखालून (शाफ्टला टेकणाऱ्या रबरी कडेखालून) तेल ढकलतो आणि नवे सीलही काही दिवसांत गळू लागते. तेलाची पातळी भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेला टेकलेली असावी. बोट आत घातल्यावर तेल लागते, एवढ्यावर पातळी ठरवू नये. जास्त भरल्यास तेल फेसाळून बाहेर पडते.

फिरत्या शाफ्टवरचे सील तेल कसे अडवते, याविषयी दोन मते मांडली गेली. लिप आणि शाफ्ट यांच्यात तेलाचा अतिशय पातळ थर असतो, तो नसता तर लिप जळाली असती. हे दोन्ही पक्षांना मान्य आहे. ई. टी. जॅगर यांनी 1957 मध्ये मांडले, की या थराच्या बाहेरील काठावरचा पृष्ठताण तेल रोखतो. पुढे मुख्यतः जपानी व जर्मन संशोधकांनी दाखवले, की लिपच्या दोन बाजूंचे उतार असमान असल्याने सील स्वतःच सूक्ष्म पंपासारखे काम करते आणि बाहेर येऊ पाहणारे तेल आत परत नेते. आज दुसरे मत अधिक ग्राह्य मानले जाते आणि गॅरेजमधील अनुभवही त्याला जुळतो. उलटे बसवलेले सील नुसते गळत नाही, ते तेल बाहेर खेचते. म्हणून लिपमागची गोल स्प्रिंग नेहमी तेलाच्या बाजूला हवी. पिनियनच्या फ्लँजची (प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून येणारा दांडा, जिला जोडतात त्या तबकडीची) सीलखाली फिरणारी गुळगुळीत बाही पॉलिश पेपरने पुढे-मागे घासली, तर तिच्यावर आट्यांसारखे तिरपे ओरखडे उमटतात आणि तेही तेल बाहेर ढकलतात. पेपर फक्त शाफ्टच्या घेरातूनच फिरवावा. नखाला लागेल अशी खाच पडली असेल तर पॉलिशने भागत नाही. फ्लँज बदलावी किंवा सुमारे 0.28 मिमी जाडीची पातळ बाही चढवावी. मात्र ज्या सीलमध्ये बाही अंगचीच असते, त्याखाली दुसरी बाही घालू नये. असे सील एकदा फ्लँज उपसली की पुन्हा वापरता येत नाही.

पिनियन सील बदलताना चाकांना ठोकळे लावून प्रोपेलर शाफ्ट सोडवतात. जोडणी तशीच परत बसावी म्हणून आधी खूण करतात. मग फ्लँज वर-खाली, आत-बाहेर हलवून पाहतात. ढिलाई जाणवली तर दोष बेअरिंगचा आहे आणि कोणतेही नवे सील तेथे टिकणार नाही. फ्लँज पुलरनेच (ओढून काढण्याच्या हत्यारानेच) काढावी. हातोड्याचे ठोके बेअरिंगच्या रोलरांचे ठसे रेसवर (रोलर ज्यावर फिरतात त्या कड्यावर) उमटवतात. नवे सील ड्रायव्हर या सील बसवण्याच्या हत्याराने सरळ बसवावे. तिरके बसले तर लिप एका बाजूला झिजते. अवजड ॲक्सलमध्ये पिनियनच्या दोन बेअरिंगांमध्ये बहुधा न दबणारा स्पेसर (अंतर राखणारे कडे) असतो, त्यामुळे नट पूर्ण ताकदीने आवळता येते. त्याचा टॉर्क (आवळण्याचा पीळ) अनेक ॲक्सलांत 1000 न्यूटन-मीटरच्या पुढे जातो. दबणारा स्पेसर असलेल्या हलक्या ॲक्सलांवरील सवय येथे, किंवा येथील तेथे, चालत नाही.

कॅरिअरच्या जोडासाठी तेल काढून, दोन्ही ॲक्सल शाफ्ट ओढून, कॅरिअर जॅकवर उतरवावा लागतो. जॅक लागेपर्यंत वरचे दोन बोल्ट काढू नयेत. जुने पॅकिंग खरवडून, पृष्ठभाग तेलविरहित करून, प्रत्येक भोकाला वळसा घालणारी सुमारे 3 मिमी जाडीची सिलिकॉनची अखंड रेघ ओढतात. जास्त लावलेले सिलिकॉन आत सुटून तेलाच्या वाटा बुजवते. रेघ ओढल्यावर विलंब न करता कॅरिअर चढवावा, बोल्ट समोरासमोर आवळावेत आणि सुमारे तासभर थांबून तेल भरावे. स्टडच्या आट्यांतूनही तेल चढते. तेथे आट्यांना सीलंट हवा.

हबमधील गळती सर्वांत धोक्याची. तेल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरून लायनर (ब्रेकचे घर्षण-अस्तर) भिजवते आणि घाट उतरताना त्या चाकाचा ब्रेक धरत नाही. भिजलेला लायनर पेट्रोलने धुऊन परत लावू नये. उष्णतेने आत मुरलेले तेल पुन्हा वर येते. ॲक्सलच्या दोन्ही चाकांचे लायनर एकत्रच बदलावेत. ग्रीस भरलेल्या हबमध्ये हे तेल ग्रीस पातळ करून बेअरिंगही खराब करते. तेलावर चालणाऱ्या हबची जोडणी झाल्यावर ॲक्सलची एक बाजू सुमारे 15 सेमी उचलून मिनिटभर धरावी, मग दुसरी. त्याने तेल दोन्ही हबमध्ये पोहोचते. त्यानंतर पातळी पुन्हा पाहून तेल पुरे करावे.

हाउसिंगलाच तडा गेला असल्यास वरून वेल्डिंग करणे उत्पादक बहुधा मान्य करत नाहीत.