स्तोत्रसंहिता आणि पौलाची पत्रं : वैयक्तिक मनन

बायबलमधली स्तोत्रसंहिता आणि पौलाची (पहिल्या शतकातला ख्रिस्ताचा प्रेषित) पत्रं रोज थोडी थोडी वाचायची, तोंडात घोळवायची, त्यावर विचार करायचा आणि त्यातूनच प्रार्थना करायची, ही ख्रिस्ती लोकांची फार जुनी सवय आहे आणि ही नोंद तिच्याबद्दल आहे. मराठी मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, ह्याला कोणी नुसतं मनन म्हणतं, कोणी शांत वेळ, तरुण मुलं सरळ क्वाएट टाइम म्हणतात. पूर्ण बायबल क्रमाने वाचणारे लोक आहेतच, पण खूप जणांचा हात रोज सकाळी आपोआप ह्या दोन ठिकाणी जातो, आणि त्याला कारण आहे. स्तोत्रांत माणूस देवाशी बोलतो, पत्रांत एक माणूस दुसऱ्या माणसांना देवाबद्दल समजावून सांगतो, आणि दोन्हीकडे बोलणारा माणूस घाबरलेला, चिडलेला, आनंदलेला, थकलेला असा जसा आहे तसाच दिसतो.

स्तोत्रं

एकूण स्तोत्रं १५० आणि त्यांचे पाच भाग: १ ते ४१, ४२ ते ७२, ७३ ते ८९, ९० ते १०६ आणि १०७ ते १५०. हिब्रू नाव तेहिल्लीम, म्हणजे स्तुतिगीतं. ७३ स्तोत्रांच्या मथळ्यात दाविदाचं नाव आहे, बाकी आसाफ, कोरहाचे वंशज वगैरे, आणि ९० वं मोशेची प्रार्थना म्हणून दिलंय. सगळ्यात लहान ११७ वं, फक्त दोन वचनांचं, सगळ्यात मोठं ११९ वं, १७६ वचनांचं, आणि ते हिब्रूच्या २२ अक्षरांवर रचलंय, प्रत्येक अक्षराला आठ आठ वचनं. मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत जी हस्तलिखितं सापडली त्यात सगळ्यात जास्त प्रती स्तोत्रांच्याच होत्या, म्हणजे लोक हे पुस्तक तेव्हाही सारखं हाताळत होते.

नाव स्तुतिगीतं असलं तरी आत रडणं खूप आहे. नवीन वाचणारा माणूस २३ वं स्तोत्र, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. मला काही उणे पडणार नाही', हे ऐकून येतो आणि मागे एकच पान उलटलं की २२ वं समोर येतं, ज्याची सुरुवातच देवा तू मला का सोडलंस अशी आहे आणि जे येशूने वधस्तंभावर उच्चारलं. ४२ व्यात तर माणूस स्वतःच्याच जिवाला विचारतो, 'हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?' बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी वळतात, भरवसा किंवा स्तुतीवर येतात, पण ८८ वं वळत नाही, ते अंधारातच संपतं. ते पुस्तकातून काढून टाकलं नाही ही माझ्या मते फार मोठी गोष्ट आहे, कारण ज्याच्या घरात आज अंधार आहे त्यालाही देवासमोर म्हणायला शब्द मिळतात आणि तेही खोटं न बोलता.

आता मनन ह्या शब्दाबद्दल थोडं. पहिल्या स्तोत्रात धन्य पुरुष कोण तर जो रात्रंदिवस परमेश्वराच्या नियमशास्त्राचं मनन करतो. मराठीत मनन म्हटलं की आपण डोळे मिटून मनातल्या मनात विचार करणं समजतो, श्रवण, मनन, निदिध्यासन असं ऐकत आलोय म्हणून. पण मूळ हिब्रू शब्द हागा हा तोंडाचा शब्द आहे, पुटपुटणं, गुणगुणणं. यशयाच्या पुस्तकात हाच शब्द शिकारीवर बसलेल्या सिंहाच्या गुरगुरण्याला वापरलाय आणि दुसऱ्या ठिकाणी पारव्याच्या घुमण्याला. म्हणजे स्तोत्राचं मनन आधी ओठांनी होतं, मग डोक्याने. आपल्याकडे आजी काम करता करता ओव्या गुणगुणायची ते ह्याच्या जास्त जवळ आहे. म्हणून स्तोत्र मोठ्याने वाचावं, निदान पुटपुटावं तरी, आणि एक ओळ दुसऱ्या ओळीत थोड्या वेगळ्या शब्दांत परत येते (हिब्रू कवितेची रीतच ती आहे) तेव्हा घाई करून पुढे जाऊ नये, त्या दोन ओळींच्या मधल्या फरकातच बऱ्याचदा अर्थ बसलेला असतो. मध्येच सेला हा शब्द ७१ वेळा येतो, त्याचा नेमका अर्थ आज कोणाला ठाऊक नाही. बरेच लोक तिथे क्षणभर थांबतात, आणि ती चांगली सवय आहे.

पत्रं

नव्या करारात पौलाच्या नावाने १३ पत्रं आहेत. त्यातली रोमकरांस, करिंथकरांस दोन, गलतीकरांस, फिलिप्पैकरांस, थेस्सलनीकाकरांस पहिलं आणि फिलेमोनाला, ही सात त्याचीच असं जवळपास सगळे अभ्यासक मानतात, बाकीच्या सहांबद्दल वाद चालू आहे. काळ साधारण इसवी सन ५० ते ६५ च्या आसपासचा, म्हणजे निदान ही सात पत्रं शुभवर्तमानांच्या, म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या पुस्तकांच्याही, आधीची आहेत, फक्त बायबलमध्ये नंतर छापतात. आणि ती लिहिली त्या क्रमाने लावलेली नाहीत. मंडळ्यांना लिहिलेली आधी, एकेकट्या माणसांना लिहिलेली नंतर, आणि त्या त्या गटात साधारण लांबीप्रमाणे, मोठं आधी लहान शेवटी, म्हणून १६ अध्यायांचं रोमकरांस पहिलं आणि २५ वचनांचं फिलेमोनाचं शेवटचं.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही खरीखुरी पत्रं आहेत. रोमकरांसचं पत्र पौलाने सांगितलं आणि तर्तिय नावाच्या माणसाने लिहून घेतलं, तो सोळाव्या अध्यायात स्वतः सलाम सांगतो. त्याच अध्यायात किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी हिची शिफारस आहे आणि पत्र तिनेच रोमला नेलं असावं असं बहुतेक अभ्यासक धरतात. गलतीकरांसच्या शेवटी पौल म्हणतो की बघा किती मोठ्या अक्षरांत मी स्वतःच्या हाताने लिहितोय. तेव्हा अध्याय नव्हते, वचनांचे नंबर नव्हते. अध्याय १३ व्या शतकात पडले आणि नव्या करारातल्या वचनांचे आज चालतात ते नंबर रोबेर एस्तिएन ह्या छापणाऱ्याने १५५१ ला घातले. हे नंबर सोयीचे आहेत पण मननात घात पण तेच करतात, कारण माणूस एक वचन उचलतो आणि बाकीचं पत्र तिथेच राहतं. फिलिप्पैकरांस ४:१३ बघा, सगळं काही करायला मी शक्तिमान आहे हे वचन परीक्षेच्या आधी, मॅचच्या आधी, दुकानाच्या भिंतीवर सगळीकडे दिसतं, पण त्याच्या आधीच्याच वचनात पौल भुकेलं राहण्याबद्दल आणि पोटभर मिळण्याबद्दल बोलतोय, कैदेत आहे, आणि दोन्ही परिस्थितीत मी टिकायला शिकलोय असं म्हणतोय. पूर्ण वाचलं की वचन लहान होत नाही, उलट जास्त खोल जातं.

म्हणून पत्र आधी एका बैठकीत अख्खं वाचावं. फिलिप्पैकरांसला १५ मिनिटं लागतात, रोमकरांसला तासभर. मग दुसऱ्या दिवसापासून परिच्छेद परिच्छेद घ्यावा. पौल कठीण आहे हे खरंच आहे, त्याची वाक्यं संपत नाहीत, मध्येच विषय सोडतो आणि परत येतो, आणि पेत्राच्या दुसऱ्या पत्रातच लिहिलंय की पौलाच्या पत्रांत समजायला कठीण अशा काही गोष्टी आहेत. तेव्हा दोन दिवस काही कळलं नाही म्हणून पुस्तक मिटू नये. 'म्हणून', 'कारण', 'तर मग' ह्या शब्दांना पेन्सिलने खूण करत गेलं तर वाट सापडते.

दोन्ही एकत्र का

पौल स्वतः स्तोत्रं वाचून वाढलेला माणूस होता. तार्सचा यहुदी, प्रेषितांच्या कृत्यांत सांगितल्याप्रमाणे यरुशलेमेत गमलिएलाच्या पायाशी शिकलेला, आणि पत्रं ग्रीकमध्ये लिहिताना स्तोत्रंही बहुतेक वेळा ग्रीक भाषांतरातून आठवणारा. रोमकरांस ३ मध्ये सगळी माणसं पापाखाली आहेत हे सांगताना त्याने १४, ५, १४०, १०, ३६ अशा वेगवेगळ्या स्तोत्रांच्या ओळी, मध्ये यशयाची एक घालून, एकामागोमाग ओवल्यात. पुढच्या अध्यायात ज्याच्या अपराधाची क्षमा झाली तो धन्य हे ३२ व्या स्तोत्रातून येतं. ज्या स्तोत्राची ओळ आली ते स्तोत्र काढून पूर्ण वाचणं हाच माझ्या मते ह्या अभ्यासाचा गाभा आहे, बाकी सगळं त्याच्यानंतर.

एक उदाहरण घेऊ. रोमकरांस ८ चा शेवट सगळ्यांना आवडतो, ख्रिस्ताच्या प्रीतीपासून आपल्याला कोण विभक्त करील. पण त्याच्या ऐन मध्यावर ४४ व्या स्तोत्रातली ओळ आहे, तुझ्यामुळे आम्ही दिवसभर मारले जात आहोत, कापायच्या मेंढरांसारखे आम्हाला गणलंय. आता ४४ वं स्तोत्र काढून वाचा. तिथे लोक देवाला म्हणतायत की आम्ही तुला विसरलो नाही, करार मोडला नाही, तरी आमची ही दशा का, ऊठ, झोपलास का. आणि त्या स्तोत्रात उत्तर येतच नाही. पौलाने नेमकी ती बिनउत्तराची तक्रार उचलून आपल्या सगळ्यात मोठ्या भरवशाच्या परिच्छेदात ठेवली. हे एकदा कळलं की रोमकरांस ८ परत पहिल्यासारखं वाचता येत नाही, त्यातला विजय सोपा वाटत नाही.

कधी कधी पौल ओळ बदलतोही. ६८ व्या स्तोत्रात वर चढलेला राजा देणग्या घेतो, इफिसकरांस ४ मध्ये तोच देणग्या देतो. ह्यावर अभ्यासकांनी खूप लिहिलंय, पण साध्या वाचणाऱ्यालाही तिथे थांबून विचारता येतं की घेणारा देणारा का झाला.

रागाचं पण असंच आहे. १०९ वं आणि १३७ वं स्तोत्र वाचताना अंगावर काटा येतो, शत्रूच्या लेकरांबद्दल तिथे जे म्हटलंय ते वाचवत नाही. रोमकरांस १२ मध्ये पौल सांगतो की छळणाऱ्यांना आशीर्वाद द्या, सूड देवावर सोडा. काही लोक म्हणतात की मग ती स्तोत्रं सोडूनच द्यावी. मला तसं वाटत नाही. बाबेलला ओढून नेलेल्या, लुटलेल्या माणसाने आपला राग देवाच्या पुढ्यात ओतला, हातात दगड घेतला नाही, आणि सूड देवावर सोडणं म्हणजे प्रत्यक्षात असंच काहीतरी दिसत असेल.

आधी कोणी कसं केलं

चौथ्या शतकात आलेक्सांद्रियाच्या अथनासियसने मार्सेलिनसला लिहिलेल्या पत्रात स्तोत्रं ही वाचणाऱ्याला आपलाच आत्मा दाखवणारा आरसा आहेत असं म्हटलंय. सहाव्या शतकात बेनेडिक्टच्या नियमाने मठवासीयांना आठवड्याला सगळी १५० स्तोत्रं लावून दिली. ऑगस्तीनचं आयुष्य तर ह्या दोन्ही पुस्तकांच्या मध्येच आहे: ३८६ साली मिलानच्या बागेत रडत असताना त्याने पौलाचं पुस्तक उघडलं, रोमकरांस १३ चा शेवट डोळ्यासमोर आला आणि तो बदलला, आणि ४३० ला हिप्पोमध्ये मरताना त्याने दाविदाची पश्चात्तापाची स्तोत्रं लिहून भिंतीवर लावायला सांगितली आणि पडल्या पडल्या ती वाचत रडत राहिला.

प्रोटेस्टंट सुधारणा सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने जर्मनीत विटेनबर्गला १५१३ पासून आधी स्तोत्रं शिकवली, मग १५१५ ला रोमकरांस, मग गलतीकरांस. मठात राहून रोज स्तोत्रं म्हणणारा माणूस तो, आणि ती तोंडात असतानाच त्याला पौल उमगला. नंतर सगळ्यात चांगली स्तोत्रं कोणती असं विचारल्यावर त्याने ३२, ५१, १३० आणि १४३ ही पौलाची स्तोत्रं म्हणून सांगितली. हे उगाच नाही, ५१ वं रोमकरांस ३ मध्ये येतं, ३२ वं रोमकरांस ४ मध्ये, १४३ ची तुझ्यापुढे कोणी जिवंत माणूस निर्दोष ठरत नाही ही ओळ रोमकरांस ३ आणि गलतीकरांस २ मध्ये ऐकू येते. एकटं १३० वंच पौल कुठे थेट उद्धृत करत नाही, आणि ल्यूथरने गीत मात्र त्याच्यावर रचलं. मग २४ मे १७३८ ला लंडनमध्ये जॉन वेस्ली (मेथडिस्ट चळवळ सुरू करणारा) दुपारी सेंट पॉल्स कॅथेड्रलला गेला तिथे तेच १३० वं गायलं गेलं, आणि संध्याकाळी आल्डर्सगेट रस्त्यावरच्या सभेत कोणीतरी ल्यूथरची रोमकरांसची प्रस्तावना वाचत होतं तेव्हा पावणेनऊच्या सुमाराला त्याचं हृदय उबदार झालं असं त्याने रोजनिशीत लिहिलंय. लोकांना संध्याकाळ माहीत असते, दुपारचं स्तोत्र फार कोणी सांगत नाही.

मराठीत

मराठी नवा करार १८११ ला विल्यम केरीने बंगालमधल्या श्रीरामपूरहून मोडीत छापला. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना वाचता येईल अशा मराठीत अख्खं बायबल केलं आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये ते छापण्याचं कामही बायकांनीच केलं. त्या ५ एप्रिल १९२२ ला गेल्या, तोवर काम हातावेगळं केलेलं. अलीकडे वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांचं सुबोध बायबल आलं, ते कॅथलिक घरांत आणि बाहेरही वाचतात. मननाला दोन भाषांतरं शेजारी ठेवली की फार फायदा होतो, एकात अडलेलं दुसऱ्यात सुटतं.

मराठी माणसाला स्तोत्रं परकी वाटत नाहीत कारण देवाशी भांडायची भाषा आपल्याकडे तुकोबांनी आधीच करून ठेवलीय. रेव्ह. ना. वा. टिळक, ज्यांचा बाप्तिस्मा १८९५ ला झाला, ते म्हणायचे की मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, आणि उपासना संगीतातली त्यांची गीतं गाताना ते खरं वाटतं. पौल मात्र मराठीत अजून पूर्ण घरचा झालेला नाही. त्याची लांबच लांब वाक्यं आपल्या भाषांतरांत कृदंतांनी भरून येतात, म्हणून त्याला मोठ्याने वाचून, तोडून, आपल्या बोलीत वहीत परत लिहून काढावं लागतं. गावाकडच्या बोलीत लिहिलं तरी चालतं, वही कोणाला दाखवायची नसते.

रोजच्यासाठी सोपी पद्धत अशी की तारखेचं स्तोत्र घ्यायचं आणि त्यात ३०-३० मिळवत जायचं, म्हणजे ५ तारखेला ५, ३५, ६५, ९५, १२५, पाचातलं एक नीट म्हणायचं, बाकीची नजरेखालून घालायची, आणि ३१ तारीख असेल तर ११९ परत, सावकाश. सोबत एका महिन्याला एकच पत्र. २८ तारखेला ८८ वं येतं. ते त्या दिवशी आपल्याला लागू नसेल तर ज्याला लागू आहे त्याचं नाव घेऊन म्हणायचं.