पिअर्सन, किट
पिअर्सन, किट (कॅथलीन मार्गारेट) : (३० एप्रिल १९४७). कॅनडातील इंग्रजी बाल-कुमार कादंबरीकार व बालग्रंथपाल. जन्म आल्बर्टा प्रांतातील एडमंटन येथे. बालपण एडमंटन व व्हँकूव्हर या दोन शहरांत गेले.

एडमंटनच्या आल्बर्टा विद्यापीठातून पदवी घेतल्यावर त्यांनी ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतले (१९७६). कॅनडातील शाळांत शिक्षक-ग्रंथपाल हे पद जुने व परिचित आहे. पिअर्सन यांनी मात्र शाळेऐवजी आँटॅरिओ व ब्रिटिश कोलंबियातील सार्वजनिक ग्रंथालयांचा बालविभाग सांभाळला. या पेशाला तिथे मोठी परंपरा आहे. बालग्रंथपाल लिलियन स्मिथ यांनी १९१२ पासून टोरांटोत बालग्रंथालयाची घडी बसवली आणि १९२२ मध्ये तिथे केवळ मुलांसाठी स्वतंत्र ग्रंथालय उघडले. मुलांच्या हाती चांगलेच पुस्तक द्यायचे, हा त्या परंपरेचा आग्रह होता. पुढे बॉस्टनच्या सिमन्स महाविद्यालयात पिअर्सन यांनी बालसाहित्याचा खास अभ्यास केला (१९८२).

पहिली कादंबरी द डेअरिंग गेम (१९८६) आली तेव्हा त्या एकोणचाळीस वर्षांच्या होत्या. व्हँकूव्हरच्या मुलींच्या निवासी शाळेत काढलेल्या दिवसांचा तिला आधार आहे. अ हँडफुल ऑफ टाइम (१९८७) मध्ये आईवडील विभक्त होत असलेली बारा वर्षांची पॅट्रिशिया आल्बर्टातील तळ्याकाठी नातेवाइकांकडे येते. तिथे सापडलेल्या जुन्या घड्याळामुळे ती पस्तीस वर्षे मागे जाते आणि आपल्याच वयाची आपली आई पाहते. करारी, दूरस्थ आईचे एकटे बालपण मुलीच्या नजरेने दाखवणारी ही कादंबरी आजही ताजी वाटते.

द स्काय इज फॉलिंग (१९८९), लुकिंग ॲट द मून (१९९१) व द लाइट्स गो ऑन अगेन (१९९३) ही त्रयी त्यांच्या लेखनाचा कळस होय. १९४० मध्ये बाँबहल्ल्यांच्या भीतीने ब्रिटनमधून अनेक मुले समुद्रापार धाडली गेली. १७ सप्टेंबरला ‘सिटी ऑफ बनारस’ हे जहाज पाणतीराने बुडाले, त्यात अशी ७७ मुले दगावली आणि मुलांना परदेशी धाडण्याची सरकारी योजना थांबली. त्रयीतील दहा वर्षांची नोरा व पाच वर्षांचा गॅव्हिन ही इंग्रज भावंडे टोरांटोच्या श्रीमंत ओगिल्वी घरात येतात. घरच्या वृद्ध बाईंना खरे तर फक्त मुलगा हवा असतो; पहिल्या महायुद्धात त्यांनी आपला मुलगा गमावलेला असतो. नको असलेली पाहुणी म्हणून वावरताना नोराचा राग, अंथरूण ओले होण्याची लाज, पळून जाण्याचा प्रयत्न हे सारे पिअर्सन तिची कीव न करता लिहितात. पाच वर्षांनी युद्ध संपते, तेव्हा गॅव्हिनला कॅनडाच आपले घर वाटू लागलेले असते आणि इंग्लंडमधील आईवडील हयात नसतात. परतावे की राहावे हा निर्णय दहा वर्षांच्या मुलावर येतो. तो परत जातो. लेखिका मात्र या निवडीतील तोटा झाकत नाही.

अवेक अँड ड्रीमिंग (१९९६) या कादंबरीला गव्हर्नर जनरल पुरस्कार हा कॅनडातील मानाचा साहित्य पुरस्कार मिळाला (१९९७). व्हँकूव्हरमध्ये तरुण आईबरोबर गरिबीत वाढणारी थिओ पुस्तकांत शिरूनच दिवस काढते. तिला हवे तसे भरले घर मिळते, पण टिकत नाही. तिथून कथेला दिवंगत लेखिकेच्या भुताची वाट फुटते. वाचनाने मुलाला आसरा मिळतो, पण त्याचे आयुष्य बदलत नाही, ही जाण या कादंबरीत ठळक आहे.

अ डे ऑफ साइन्स अँड वंडर्स (२०१६) ही व्हिक्टोरिया शहरात १८८१ मध्ये घडणारी कादंबरी असून पुढे चित्रकार म्हणून नावाजलेली एमिली कार तीत नऊ वर्षांची आहे.