चक्करेला हालचाल, कानातल्या शिट्टीला आवाज

चक्कर येते म्हणून दवाखान्यात गेलेला माणूस बाहेर पडतो तेव्हा हातात मानेचा एक्स-रे असतो, गळ्यात पट्टा आणि खिशात महिनाभराच्या गोळ्या. ‘मणक्यात गॅप आहे’ हे निदान सोलापुरात कडक भाकरीइतकं रुळलंय. पण चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांच्या मानेच्या एक्स-रेत झीज दिसतेच, चक्कर असो वा नसो. पांढरे केस दिसले म्हणून चक्कर केसांमुळे आली असं कुणी म्हणत नाही. मणक्यांना मात्र ही सूट नाही. गरगरण्याचं मूळ बहुतेक वेळा कानात असतं, आणि ते एक्स-रेत नाही, रुग्णाच्या बोलण्यात सापडतं.

बोलण्यातली अडचण अशी की ‘चक्कर’ हा एकच शब्द आपण तीन गोष्टींना वापरतो. घर फिरल्यासारखं वाटतं ती खरी गरगर. उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते ती रक्तदाबाची गोष्ट. आणि गादीवरून चालल्यासारखं वाटतं, पाय भलतीकडे पडतो, तो तोल. मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेला की घामातून पाणी आणि मीठ जातं. त्यात बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर अंधारी येणं नवल नाही. हे घरी तपासता येतं. पाच मिनिटं आडवं पडून बीपी मोजायचं, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर कानाच्या गोळ्या घेऊन उपयोग नाही. बीपीच्या गोळ्या डॉक्टरांकडून पुन्हा ठरवून घ्याव्यात.

खरी गरगर असेल तर पुढचा प्रश्न घड्याळाचा. कूस बदलताना किंवा माळ्यावरचा डबा काढताना येते आणि मिनिटाच्या आत थांबते, तर कानातले खडे सरकले आहेत. २० मिनिटं ते १२ तास टिकते, सोबत एका कानाला दडे बसतात, तो कान गुणगुणतो आणि ऐकू कमी येतं, तर मेनिएरचा आजार. एकदाच सुरू होऊन दिवसच्या दिवस चालते ती बहुधा तोलाच्या नसेची सूज. अर्धशिशीवाल्यांना पाच मिनिटांपासून ७२ तासांपर्यंत काहीही, आणि डोकं दुखेलच असं नाही. तीन महिन्यांहून जास्त काळ बहुतेक रोज डुलल्यासारखं वाटतं, नवी पेठेच्या गर्दीत शिरलं की वाढतं, तर मूळ कारण बरं झालेलं असूनही मेंदू अजून सावध पवित्र्यातच अडकून राहिलेला असतो.

दोन प्रसंगी घड्याळ बघत बसायचं नाही. चक्करेसोबत दोन-दोन दिसणं, बोलणं अडखळणं, चेहरा किंवा हात लुळा पडणं, आधाराशिवाय उभंच न राहता येणं यातलं काही असेल तर तो मेंदूचा झटका समजून तडक मोठ्या रुग्णालयात जायचं. दुसरा प्रसंग: एका कानाचं ऐकणं दोन-तीन दिवसांत झपकन कमी होणं. स्टेरॉइडचा उपयोग सुरुवातीच्या दोन आठवड्यांत सर्वांत जास्त असतो. ‘मळ असेल, लसणाचं तेल घालून बघू’ यात नेमके तेच दोन आठवडे जातात.

आता खडे. आतल्या कानात युट्रिकल नावाच्या पिशवीत एका चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे कण बसलेले असतात. अंगणातली शहाबादी फरशी मुख्यतः याच रसायनाची. फक्त हे कण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे. वयाने, डोक्याला मार लागल्याने किंवा बरेच दिवस अंथरुणाला खिळल्याने ते सुटतात आणि तीनपैकी एका अर्धवर्तुळाकार नलिकेत घरंगळतात, बहुधा मागच्या. डोकं हललं की कण खाली सरकतात, सोबत द्रव ओढला जातो आणि मेंदूला निरोप जातो: आपण फिरतोय. कण तळाला टेकले की निरोप बंद. म्हणूनच ही गरगर दोन-चार सेकंद उशिरा सुरू होते आणि मिनिटाच्या आत विरते.

यावर गोळी नाही. नलिकेतला कण गोळीने विरघळत नाही, तो वाट दाखवून बाहेर काढावा लागतो. ती वाट म्हणजे एप्लीची क्रिया. अमेरिकेतल्या पोर्टलंडचे डॉ. जॉन एप्ली यांनी ती १९९२ मध्ये सविस्तर प्रसिद्ध केली. आधी डिक्स-हॉलपाइक चाचणीने बाजू ठरते: डोकं एका बाजूला वळवून रुग्णाला झटकन आडवं केलं की दोषी कान खाली असताना डोळे फिरकी घेत फडफडतात. समजा उजवा कान निघाला. पलंगावर पाय लांब करून बसायचं, डोकं उजवीकडे ४५ अंश. तसंच मागे आडवं व्हायचं, खांद्याखाली उशी, म्हणजे डोकं थोडं मागे लोंबेल. गरगर थांबेपर्यंत, निदान ३० सेकंद, तिथेच. मग डोकं न उचलता ९० अंश डावीकडे, पुन्हा ३० सेकंद. मग अख्खं अंग डाव्या कुशीवर आणि नाक जमिनीकडे, पुन्हा तेवढंच. शेवटी पाय खाली सोडून, हनुवटी छातीकडे ठेवून हळूच उठायचं.

फसतं कुठे? बाजू चुकते. उशी डोक्याखाली घेतली जाते, मग डोकं मागे जातच नाही. दुसऱ्या टप्प्यावर गरगर उसळली की माणूस घाबरून उठून बसतो आणि कण परतीला लागतात. खरं तर त्या वेळची गरगर म्हणजे कण योग्य दिशेने निघाल्याची खूण. कधी कण आडव्या नलिकेत शिरतात, तिथे ही क्रिया चालतच नाही, वेगळी करावी लागते. त्यामुळे पहिली वेळ कान-नाक-घसा तज्ज्ञाकडेच. मानेचा गंभीर विकार किंवा डोळ्याचा पडदा सुटलेला असेल तर घरी अजिबात नको. नंतर दोन रात्री बसून झोपा असं पूर्वी सांगत; त्याची गरज नाही. खडे पुन्हा पुन्हा सुटत असतील तर ड जीवनसत्त्व तपासून घ्यावं. ते कमी असलेल्यांना पूरक मात्रा दिल्यावर पुनरावृत्ती घटल्याचं चाचण्यांत दिसलं आहे.

नसेच्या सुजेनंतरची आणि महिनोन्महिने रेंगाळणारी चक्कर याहून निराळी. एका कानाचा निरोप कमी पडतो आणि मेंदूला नवा हिशेब बसवावा लागतो. हिशेब बसतो, पण चूक दिसली तरच. डोकं हललंच नाही तर चूक दिसणार कशी? गळ्यातला पट्टा इथे थेट आडवा येतो. सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिनसारख्या गोळ्या पहिले दोन-तीन दिवस उलटी-मळमळीला ठीक. महिनोन्महिने घेतल्या तर मेंदूचं हे शिकणं मंदावतं आणि वयस्करांत हात थरथरणं, चाल अडखळणं सुरू होऊ शकतं. मात्र जुनी गोळी मनाने एकदम तोडू नये, डॉक्टरांना विचारून उतरवावी.

व्यायाम साधा. हातभर अंतरावर भिंतीला कागद चिकटवून त्यावर एक अक्षर लिहायचं. नजर अक्षरावर रोखून डोकं ‘नाही नाही’ म्हणतो तसं, दोन्हीकडे २० अंश, एक मिनिट हलवायचं. मग ‘हो हो’. दिवसातून तीन-चार वेळा. अक्षर अस्पष्ट होण्याच्या जरा अलीकडचा वेग धरायचा. हलकी चक्कर यायलाच हवी, पण पंधरा-वीस मिनिटांत ओसरली पाहिजे. तासभर टिकली तर उद्या वेग कमी. आधी बसून, मग उभं राहून, मग चालताना. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि बहुतेक जण दुसऱ्या आठवड्यात सोडून देतात.

मेनिएरचं वेगळं. मिठाचं पथ्य सांगितलं जातं. पुरावा फार भक्कम नाही, पण तोटाही नाही. दिवसाला दीड ते दोन ग्रॅम सोडियम म्हणजे सगळं मिळून चमचाभरही मीठ नाही. जेवणात शेंगाचटणी, लोणचं, पापड तिन्ही असतील तर भाजीत मीठ कमी घालून काही होत नाही. बीटाहिस्टिन हे चक्करेचं औषध सर्रास दिलं जातं. जर्मनीतल्या २०१६ च्या चाचणीत २२१ रुग्णांना नऊ महिने कमी मात्रा, जास्त मात्रा किंवा नुसती खोटी गोळी दिली, तेव्हा झटके तिन्ही गटांत सारखेच कमी झाले. हा आजार आपणहून चढतो-उतरतो, आणि उताराचं श्रेय हाती असलेल्या औषधाला मिळतं. झटके थांबतच नसतील तर कानाच्या पडद्यातून स्टेरॉइडचं इंजेक्शन हा पुढचा मार्ग.

आता कान वाजण्याकडे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत किंवा पूर्व भागातल्या घरगुती कारखान्यात चादरी-टॉवेलचे माग चालू असतात तिथे हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. ओरडावं लागतं म्हणजे आवाज ८५ डेसिबलच्या वर, हा ढोबळ नियम. ८५ ला आठ तास सुरक्षित मानतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, १०० ला जेमतेम १५ मिनिटं. आधी मरतात त्या आतल्या कानातल्या, ४००० हर्ट्झच्या आसपासचा बारीक, उंच आवाज ऐकणाऱ्या केसपेशी, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. तिथून निरोप येईना की मेंदू आवाजाचं बटण वाढवतो आणि स्वतःच्याच नसांची खरखर त्याला ऐकू येऊ लागते. तीच शिट्टी, तेच रातकिडे.

म्हणून पहिली तपासणी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी; सिव्हिलच्या कान-नाक-घसा विभागात होते. ऐकणं थोडंच कमी असलं तरी श्रवणयंत्राने बाहेरचा आवाज भरून निघतो आणि बऱ्याच जणांची शिट्टी मागे सरते. आवाज एकाच कानात असेल तर एमआरआयचं विचारावं. नाडीच्या ठेक्यावर धडधडत असेल तर रक्तवाहिन्या तपासाव्या लागतात. गिंको या झाडाच्या अर्काच्या आणि जस्ताच्या गोळ्यांवर पैसे घालू नयेत. चीड आणि झोपमोड यांवर सर्वांत भक्कम पुरावा संज्ञानात्मक वर्तन उपचाराचा, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाचा आहे. शिट्टी तशीच राहते, तिची दहशत जाते.

रात्र सर्वांत वाईट, कारण शांतता. उन्हाळ्यात कूलर घरघरतो तोवर बरं असतं. लाइट गेली की शिट्टी एकदम वर येते, आणि थंडीत पंखाही बंद. तेव्हा मोबाइलवर पावसाचा किंवा पंख्याचा आवाज लावायचा, शिट्टीहून किंचित कमी. शिट्टी पूर्ण झाकून टाकली तर मेंदूला ती सवयीची होत नाही.

मागावर काम करणाऱ्यांनी कापसाचे बोळे विसरावेत, बोळ्यांनी फारसा आवाज अडत नाही. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, आत सारून २०-३० सेकंद बोटाने धरायचा. पाळीत अर्धा वेळ काढून ठेवला तर ३० डेसिबलचा प्लगही सरासरीने ३ डेसिबलचंच काम करतो. आणि घरी आल्यावर तो काढायचाच. शांत खोलीत प्लग घालून बसलं तर शिट्टी वाढते आणि हळूहळू ताटवाटीचा आवाजही सोसेनासा होतो.