गिरणगावातला पगार: आजोबांपासून नातवापर्यंत

सातवी शिकलेला साचेवाला, म्हणजे कापड गिरणीत माग चालवणारा कामगार, चाळीतल्या खोलीत सात जणांचं घर चालवायचा आणि पदवीधर नातवाला महिना पुरत नाही, ही लालबाग-परळमधली तक्रार खरी आहे. तिचं मूळ पगाराला चिकटलेल्या अटींत आहे.

या अटी झगडून मिळाल्या. मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये चालू झाली. रविवारची सुट्टी मिळायला, कामगार नेते नारायण मेघाजी लोखंड्यांची चळवळ होऊन, १८९० उजाडलं. १९२८ साली दोनऐवजी तीन साचे एका विणकराच्या गळ्यात घालायचं मालकांनी ठरवलं, तेव्हा गिरण्या सहा महिने बंद राहिल्या. नव्या पद्धतीत माणसं घटणार आणि उरलेल्यांचं काम वाढणार, हे कामगारांनी तेव्हाच ओळखलं होतं.

दुसऱ्या महायुद्धात महागाई भत्ता आला आणि तो राहणीखर्चाच्या निर्देशांकाला जोडला गेला. माझ्या मते गिरणी कामगाराची सर्वांत मोठी कमाई हीच. तेल-तांदूळ महागले की भत्ता वाढायचा, त्यासाठी कुणापुढे हात पसरावा लागत नसे. पुढे कायद्याने फंड आला, ग्रॅच्युइटी आली. अर्थात हे सगळं कायम कामगाराचं. बदलीवाला पाळीच्या वेळी गेटवर ताटकळायचा. खात्यात कुणी गैरहजर असेल तर आत, नाही तर परत खोलीवर.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. कापड त्याआधीच भिवंडी, इचलकरंजी, मालेगावच्या यंत्रमागांकडे सरकत होतं, संपानंतर ते झपाट्याने गेलं. तिथे बारा तासांची पाळी आणि मजुरी मीटरवर. वीज गेली की मजुरीही थांबली.

गिरणी कामगारांची मुलं कामाला लागायच्या वयात आली ती नेमकी याच सुमारास. कुणी वॉचमन झाला, कुणी कुरिअरवाला, बहुतेक ठेकेदाराच्या हाताखाली. नातू ॲपवर काम करतो. आजोबांच्या पगारपत्रकावर मूळ पगार, भत्ता, फंड अशा ओळी असत. नातवाच्या मोबाइलवर दिवसभराच्या ऑर्डरी आणि इन्सेंटिव्ह दिसतो, पेट्रोल मात्र त्याच्याच खिशातून जातं.

त्यात कुटुंबं लहान झाली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, १.७ आला. आईवडिलांचं आजारपण वाटून घ्यायला भावंडं नाहीत, आणि कर्मचारी पेन्शन योजनेतलं किमान पेन्शन २०१४ मध्ये ठरलं ते महिना १,००० रुपये. त्यावर महागाई भत्ता मिळत नाही.