हिरा खालून गळतो तेव्हा

सांगलीच्या सराफ कट्ट्यावर हिऱ्याच्या कुड्या बघायला आलेलं गिऱ्हाईक आधी विचारतं, ‘किती कॅरेट?’ कॅरेट म्हणजे नुसतं वजन, ०.२ ग्रॅम. लखलखाट ठरतो पैलूंच्या कोनांवर, आणि त्यांची चौकशी सहसा कुणी करत नाही.

हिऱ्याचा अपवर्तनांक, म्हणजे आत शिरताना प्रकाश किती वाकतो त्याचं माप, २.४२, साध्या काचेचा सुमारे १.५. त्यामुळे हिऱ्यात शिरलेला किरण आतून एखाद्या पैलूवर लंबाशी २४.४ अंशांहून जास्त तिरका आदळला, की तो बाहेर न पडता आतच परावर्तित होतो. काचेत हीच मर्यादा ४२ अंशांच्या आसपास. म्हणजे हिरा जात्याच प्रकाश कोंडणारा. कारागिराचं कसब एवढंच, की कोंडलेल्या प्रकाशाला वरूनच, बघणाऱ्याच्या डोळ्याकडे वाट मिळावी. १९१९ साली बेल्जियन अभियंता मार्सेल टोलकोव्स्की यांनी ‘ब्रिलियंट’ या अनेक पैलूंच्या गोल घाटासाठी त्याचं गणित मांडलं: खालच्या निमुळत्या भागाचा कोन ४०.७५ अंश, वरच्या उताराचा ३४.५. आजचे चांगले गोल हिरे याच्याच आसपास असतात.

तळ उथळ राहिला तर प्रकाश खालून निसटतो आणि वरून बघताना आत करडं कडं दिसतं. तळ फार खोल गेला तर मधोमध काळोखी येते. मग खोल हिरे घडवतात तरी कशाला? वजनासाठी! पैलू पाडताना कच्च्या खड्याचा बराच भाग, अनेकदा निम्म्याहून जास्त, झिजून जातो. तो वाचवायचा मोह होणारच. नीट घडवलेला एक कॅरेटचा गोल हिरा साधारण ६.५ मिलिमीटर रुंद असतो. तेवढ्याच वजनाचा खोल हिरा वरून लहान दिसतो, शिवाय मंदही. माझ्या मते हा सौदा तोट्याचाच.

दुकानातल्या दिव्यांखाली काहीही चमकतं. खडा दारापाशी आणून सावलीतल्या उजेडात बघावा.

जुन्या पोलकीच्या, म्हणजे जवळजवळ पैलू न पाडलेल्या हिऱ्यांच्या, दागिन्यांत चपट्या हिऱ्यांमागे चकचकीत पातळ पत्रा बसवलेला असतो, तो याच गळतीवरचा इलाज.

घाट उत्तम असूनही हिरा मंदावतो तो तेलामुळे. हिऱ्याला पाणी फारसं धरत नाही, तेल मात्र पटकन चिकटतं. मागच्या पैलूंवर खोबरेल बसलं की तिथे हवेची जागा तेल घेतं, २४ अंशांची मर्यादा ३७ च्या घरात जाते आणि प्रकाश मागून निसटू लागतो. कोमट साबणपाणी आणि मऊ ब्रश पुरतो. घासायचं मात्र मागच्या बाजूने.