पान चोळून बघा: शास्ता डेझी की पांढरी शेवंती?

एका नोव्हेंबरात म्हापशाहून येताना वाटेतल्या एका नर्सरीतून ‘शास्ता डेझी’ म्हणून दोन कुंड्या उचलल्या. पांढऱ्या पाकळ्यांची एकेरी ओळ, मधे पिवळा गोंडा, चिठ्ठीवर नावही तेच. घरी सासूबाईंनी एक पान खुडलं, बोटांत चुरगळलं, हुंगलं आणि म्हणाल्या, “ही आपली शेवंती गो. एकेरी आहे एवढंच.” पैसे मात्र डेझीचे मोजून झाले होते.

फुलावरून फसायला होतं ते साहजिक आहे, कारण दोघी सूर्यफुलाच्याच कुळातल्या, आणि पूर्वी वनस्पतिशास्त्रातही दोघींना एकाच प्रजातीत, क्रिसँथेममात, धरत. म्हणून पान बघायचं. शेवंतीचं पान खोल खाचांचं, मागून करडं, लव असलेलं, आणि चोळलं की तो कडवट, उग्र, देवघरातला वास. शास्ताचं पान लांबट, गर्द हिरवं, चकचकीत. कडेला करवतीसारखे दाते असतात, पण खाचा नाहीत. हिची पानं जमिनीलगत चुंबळीसारखी बसतात आणि त्यातून एकेक लांब दांडा वर येतो, एका दांड्याला सहसा एकच फूल. शेवंतीचं झुडूप होतं, बुंधा लाकडासारखा, फुलं झुबक्यात. आणि हो, शास्ताचं फूल दिसायला कितीही देखणं असलं तरी नाकाला लावू नका. बऱ्याच जातींचा वास न वाळलेल्या पायमोज्यांच्या जवळपास जातो.

शेवंती चीनकडची, हजारो वर्षं माणसाच्या हातात वाढलेली. शास्ता त्यामानाने कालची पोर. कॅलिफोर्नियातल्या सांता रोझा गावी ल्यूथर बरबँक यांनी चार जातींच्या डेझींचा संकर करून ती घडवली आणि १९०१ मध्ये बाजारात आणली. नाव माउंट शास्ता या हिमाच्छादित डोंगरावरून. त्या चारांतली एक मूळची पोर्तुगालची, म्हणजे गोव्याच्या अंगणात यायच्या आधीच हिच्यात पोर्तुगीज रक्त होतं!

खरा फरक मात्र दिवस-रात्रीच्या हिशेबात आहे. शेवंती रात्र लांबू लागली की कळ्या धरते. शास्ता उलट: तिला मोठे दिवस हवेत, आणि त्याआधी गारवा मिळाला तर बहुतेक जाती जास्त खुश. सांता रोझाला जूनमध्ये दिवस जवळजवळ १५ तासांचा असतो. आपल्याकडे सगळ्यात मोठा दिवसही जेमतेम १३ तासांचा, आणि तोही नेमका धो धो पावसातला.

त्या दोन कुंड्यांनीच मला हा दुसरा धडा शिकवला. पुढच्या मोसमात एक मागच्या परसात ठेवली, दुसरी बाल्कांवच्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीच्या, बाकाशेजारी, जिथला दिवा रात्रभर जळतो. तीच माती, तेच शेणखत. परसातली दिवाळीनंतर कळ्यांनी भरली, बाल्कांवातली नुसती हिरवीगार वाढत राहिली. दिव्यामुळे तिची रात्र झालीच नाही! कुंडी अंधारात हलवली तेव्हा काही आठवड्यांनी बाई फुलल्या. शेवंती फुलत नाही म्हणून खत ओतण्याआधी वर दिवा आहे का ते बघा.

शेवंतीची निगा सोपी आहे. फुलं संपली की खोड छाटा, बुडातून काश्या, म्हणजे नवे कोंब, फुटतात, त्या सोडवून लावा, पावसाळाभर पागोळीपासून दूर ठेवा आणि रोप वीतभर झालं की शेंडा खुडा. मावा येतोच. पाण्याचा जोरदार फवारा मारला की बराचसा जातो.

शास्ताला गोव्यात बारमाही मानू नका, असं माझं स्पष्ट मत. थंड मुलखात ती वर्षानुवर्षं टिकते, दोन-तीन वर्षांनी गड्डा फोडून वेगळा लावतात. इथे तिचा काळ म्हणजे पाऊस. पाणी साचलं की मधला कोंब कुजतो, आणि आपल्याकडे चार महिन्यांत सुमारे ३,००० मिलिमीटर कोसळतो. म्हणून तिला हंगामी समजा. ऑक्टोबरात पाऊस ओसरला की बी पेरा, वर मातीचा नुसता भुरका टाका. ‘स्नो लेडी’सारखी बुटकी, पहिल्याच वर्षी फुलणारी जात घ्या; ‘अलास्का’ची उंच चित्रं पाहून भुलू नका. कुंडीच्या तळाला चिऱ्याची खडी, मातीत वाळू आणि कुजलेलं शेणखत. सकाळचं ऊन भरपूर द्या, मार्चपासून दुपारची सावली. सुकलेलं फूल दांड्यासकट बुडापासून कापलं तर पुढचा दांडा येतो.

चिठ्ठीवर विसंबायचं मी सोडलंय. आता नर्सरीत गेले की आधी विचारते, “एक पान खुडू?” नर्सरीवाला तोंड वाकडं करतो. सासूबाई सोबत असल्या तर त्या विचारतही नाहीत.