‘गर्ल्स विल बी गर्ल्स’: आई-मुलीच्या गोष्टीमागची गोष्ट

जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात दिग्दर्शक शुची तलाटी यांच्या पहिल्याच चित्रपटाने जागतिक कथापटांच्या स्पर्धेत प्रेक्षकांचा पुरस्कार मिळवला. त्यातल्या मीरा या शाळकरी मुलीचं काम करणाऱ्या प्रीती पाणिग्रहीला अभिनयासाठी परीक्षकांचा खास पुरस्कार मिळाला. त्यानंतर चर्चा झाली ती बहुतेक पुरस्कारांची. चित्रपटातली शाळा आणि त्यातली आई कुठून आली, हे त्याहून रंजक आहे.

गोष्ट नव्वदच्या दशकातली, हिमालयाच्या पायथ्याच्या एका निवासी शाळेतली. अशा शाळा इंग्रजांनी उभ्या केल्या; सनावरची लॉरेन्स स्कूल १८४७ ची. गोऱ्यांच्या मुलांसाठी सुरू झालेली ही व्यवस्था स्वातंत्र्यानंतर आपल्याकडच्या अधिकारी-व्यापारी वर्गाने जशीच्या तशी उचलली. पाचगणीत शिकलेल्यांना ती वेगळी सांगायला नको. मोठ्या विद्यार्थ्यांनी लहानांवर वचक ठेवायचा ही प्रीफेक्टची पद्धतही इंग्रजांचीच. इंग्लंडमधल्या रग्बी शाळेत थॉमस अर्नोल्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिला वजन मिळवून दिलं, तेही मुलग्यांच्या शाळेत. मीरा तिच्या शाळेची पहिली मुलगी हेड प्रीफेक्ट होते, तेव्हा मुलग्यांसाठी शिवलेला अंगरखा तिच्या अंगावर चढतो. मुलींच्या स्कर्टची लांबी तिनेच तपासायची, आणि जिन्याखालून मुलींचे फोटो काढणाऱ्या मुलांची तक्रार केली की पुन्हा तिलाच ऐकून घ्यायचं!

आईचा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. वयात येण्याच्या गोष्टीत आई एकतर आडवी येते, नाहीतर डोळे पुसते. मराठीत ‘शाळा’, ‘फँड्री’, ‘किल्ला’ हे गाजलेले चित्रपट घ्या. तिन्हींच्या मध्यभागी मुलगाच आहे. ‘किल्ला’मधल्या आईला स्वतःची नोकरी आणि एकटेपण आहे, तरी गोष्ट मुलाचीच राहते. इथे मीराची आई अनिला परीक्षेच्या दिवसांत मुलीजवळ येऊन राहते, मीराला आवडणाऱ्या श्री या मुलाला घरी बोलावते, त्याला खाऊपिऊ घालते, त्याच्याशी हसते-बोलते. हळूहळू ती मुलीवर लक्ष ठेवते आहे की स्वतःच्या वाट्याला न आलेलं काही शोधते आहे, हे सांगणं अवघड होतं. लवकर लग्न होऊन संसारात शिरलेल्या किती बायकांनी हे वय मुलीच्या आडून पाहिलं असेल! अनिलाचं काम कनी कुश्रुतीने चोख केलं आहे. त्याच वर्षी फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात ग्रां प्री हा मोठा पुरस्कार मिळवणाऱ्या ‘ऑल वुई इमॅजिन अॅज लाइट’मध्येही तीच होती, मुंबईतून रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जाणारा तो चित्रपट.

आता पैशांचं. असल्या विषयाला मुंबईतला मोठा निर्माता सहसा हात लावत नाही. रिचा चढ्ढा आणि अली फजल यांच्या नव्या कंपनीचा हा पहिला चित्रपट, आणि रिचा व शुची यांची मैत्री जुनी. सोबत बळ फ्रान्समधल्या सहनिर्मात्यांचंही. भारत-फ्रान्स सहनिर्मितीचा पहिला करार १९८५ चा आहे, पण स्वतंत्र दिग्दर्शकांना त्या वाटेचा खरा उपयोग अलीकडे होऊ लागला. छायाचित्रण जी-ई पेंग यांचं, संकलन अमृता डेव्हिड यांचं. सेटवरच्या प्रकाशयोजनेच्या कामात बायका जवळजवळ नसतातच, म्हणून निर्मात्यांनी त्यांना ते काम शिकवण्यासाठी वेगळा उपक्रम चालवला. कोवळ्या वयातल्या शरीराची ओळख दाखवणारे प्रसंग चित्रित होताना दिव्यांपाशी कोण उभं आहे, याचा फरक पडतोच.

भारतात बहुतेकांनी हा चित्रपट १८ डिसेंबर २०२४ पासून प्राइम व्हिडिओवर, घरी बसून पाहिला. आई शेजारी बसलेली असताना कितीजणींनी तो पूर्ण पाहिला असेल, कोण जाणे. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्कारांत त्याला जॉन कॅसाव्हेटीस पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार दहा लाख डॉलरच्या आत झालेल्या चित्रपटांसाठी असतो.